इंग्लंडच्या गावातली ‘ग्रामपंचायत’ वर्षभर नेमकं करते काय?

फेब्रुवारी २०२१. जग लॉकडाऊनमध्ये घरात बसलं होतं आणि अचानक एका झूम मीटिंगचा व्हिडिओ व्हायरल झाला. इंग्लंडमधल्या चेशायर भागातल्या हँडफोर्थ या छोट्या गावाची मीटिंग. त्यात काही जण एकमेकांवर ओरडत होते, एक जण नियम वाचा म्हणून खेकसत होता आणि जॅकी वीव्हर नावाच्या बाई शांतपणे एकेकाला मीटिंगमधून बाहेर काढत होत्या. तुम्हाला इथे काहीही अधिकार नाही, असं अध्यक्षांनी त्यांना सुनावलं आणि पुढच्याच क्षणी अध्यक्षच स्क्रीनवरून गायब झाले.

त्यावर मीम्स झाले, टी-शर्ट निघाले, गाणी झाली. जॅकी वीव्हर रातोरात स्टार झाल्या. पण ही मीटिंग नेमकी कसली होती? तर ती होती हँडफोर्थच्या पॅरिश कौन्सिलची. म्हणजे इंग्लंडमधली, आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळ जाणारी गोष्ट.

आता प्रश्न असा, की गवत कापणं आणि बाकडी बसवणं हे ज्यांचं काम, ती माणसं एवढी का भांडतात? त्यासाठी पॅरिश कौन्सिलचं अख्खं वर्ष समजून घ्यावं लागतं.

पॅरिश कौन्सिल आली कुठून?

‘पॅरिश’ म्हणजे मुळात एका चर्चचं कार्यक्षेत्र. पूर्वी गावातले रस्ते, गरिबांना मदत, स्मशानभूमी हे सगळं चर्चशी जोडलेली एक सभा बघायची. त्यात वजन असायचं ते जमीनदाराचं आणि पाद्रीसाहेबांचं.

१८९४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि गावचा कारभार चर्चपासून वेगळा काढला. गावकऱ्यांनी निवडून दिलेली पॅरिश कौन्सिल आली. नावात पॅरिश राहिलं, पण तेव्हापासून तिचा चर्चच्या कारभाराशी संबंध नाही.

या कायद्यातली एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. या निवडणुकांमध्ये बायकांना मत द्यायचा आणि उभं राहायचाही हक्क मिळाला, लग्न झालेल्या बायकांनासुद्धा. ब्रिटनच्या संसदेसाठी बायकांना मत मिळालं १९१८ मध्ये, म्हणजे त्यानंतर २४ वर्षांनी. गावच्या पातळीवर हा दरवाजा आधी उघडला होता.

आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे १०,००० कौन्सिल आहेत आणि त्यांचे जवळपास १ लाख सदस्य. काही ठिकाणी हीच संस्था ‘टाऊन कौन्सिल’ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे महाराष्ट्रात जवळपास सगळी खेडी कुठल्या ना कुठल्या ग्रामपंचायतीत येतात. इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथल्या बऱ्याच शहरी भागांत पॅरिश कौन्सिल नाहीच.

सरपंच कोण, ग्रामसेवक कोण?

कौन्सिलमध्ये कमीत कमी ५ सदस्य असतात. मुदत ४ वर्षांची. पगार नाही. काही ठिकाणी थोडाफार भत्ता असतो, पण बहुतेक सदस्य फुकटच काम करतात.

अध्यक्षाला ‘चेअर’ म्हणतात. आपल्याकडे सरपंच एकदा बसला की पाच वर्षांचा हिशोब असतो. तिथे चेअर दरवर्षी नव्याने निवडायचा आणि तो गावकरी नाही, सदस्य निवडतात. मतं समसमान पडली तर चेअरला निर्णायक दुसरं मत मिळतं. पण चेअर एकटा निर्णय घेऊ शकत नाही. निर्णय सगळ्या कौन्सिलचा असतो.

कागदपत्रांचा खरा कणा म्हणजे ‘क्लर्क’. नावावरून कारकून वाटेल, पण हा कौन्सिलचा मुख्य अधिकारी. मीटिंगची नोटीस काढणं, इतिवृत्त लिहिणं, कायदा काय म्हणतो ते सदस्यांना सांगणं आणि बऱ्याच गावांत हिशोब ठेवणंही त्याच्याकडेच असतं. छोट्या गावात क्लर्क आठवड्यातून काही तासच काम करतो, कधी स्वतःच्या घरातल्या टेबलावरून. आपल्या ग्रामसेवकाच्या जवळचं पद, फरक एवढाच की याला सरकार नेमत नाही, कौन्सिलच नोकरीवर ठेवते.

मीटिंगचे नियम कडक आहेत. तीन पूर्ण दिवस आधी नोटीस लागते. अजेंड्यावर नाही त्या विषयावर निर्णय घेता येत नाही. एक तृतीयांश सदस्य, आणि काही झालं तरी किमान तिघे हजर हवेत. आणि एक मजेशीर नियम: जिथे मीटिंगच्या वेळी दारू विकली जाऊ शकते अशा जागेत मीटिंग घ्यायची नाही, गावात दुसरी परवडणारी जागा मिळतच नसेल तरच घ्यायची. पबसाठी प्रसिद्ध असलेल्या देशात हा नियम कायद्यातच लिहिलेला आहे.

मे महिना: वर्षाची सुरुवात

पॅरिश कौन्सिलचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच १ एप्रिल ते ३१ मार्च. कामकाजाचं वर्ष मात्र मेमध्ये सुरू होतं. मे महिन्यात वार्षिक बैठक होते आणि तिचं पहिलं काम म्हणजे चेअरची निवड. बाकी सगळं त्यानंतर. कायद्याने या बैठकीशिवाय वर्षभरात आणखी किमान तीन बैठका घ्याव्याच लागतात. बहुतेक कौन्सिल महिन्याला किंवा दोन महिन्यांनी एकदा भेटतात.

याच सुमारास आणखी एक सभा होते आणि तिचा गोंधळ तिथल्या लोकांचाही होतो. तिचं नाव ‘वार्षिक पॅरिश सभा’. ही कौन्सिलची बैठक नाही, ही गावाची सभा. १ मार्च ते १ जून या काळात ती घ्यायची असते. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण येऊ शकतो, बोलू शकतो आणि मत देऊ शकतो. संध्याकाळी ६ च्या आधी ती सुरू करता येत नाही, म्हणजे दिवसभर कामावर असणाऱ्यालाही येता यावं.

ऐकल्यासारखं वाटतंय? बरोबर, ही त्यांची ग्रामसभा. फरक असा की आपल्याकडे ग्रामसभेला कायद्याने बरेच अधिकार दिलेत, तर तिथल्या सभेचे ठराव बहुतेक वेळा कौन्सिलवर बंधनकारक नसतात. पण कौन्सिल ऐकत नसेल, तर फक्त ६ मतदार एकत्र येऊन गावाची सभा बोलावू शकतात. वर्षभरात केव्हाही.

जून ते सप्टेंबर: हिशोब दाखवा

मार्चअखेर हिशोब बंद झाला की आधी अंतर्गत तपासनीस वह्या तपासतो. मग कौन्सिलला ठरावीक नमुन्यातलं एक वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत मंजूर करावं लागतं. त्यात खर्चाचे आकडे असतातच, शिवाय आम्ही नियमाने वागलो की नाही, याची हो-नाही उत्तरंही असतात. नाही लिहिलं तर का, तेही सांगायचं.

त्यानंतर येतो सगळ्यात महत्त्वाचा भाग. ३० कामकाजाचे दिवस गावाला हिशोब बघण्यासाठी खुले ठेवावे लागतात आणि जुलैचे पहिले १० कामकाजाचे दिवस त्यात आलेच पाहिजेत. या काळात गावातला माणूस येऊन बिलं, पावत्या, करार बघू शकतो. मतदार असेल तर बाहेरच्या लेखापरीक्षकाकडे हरकतही घेऊ शकतो. त्यासाठी माहिती अधिकाराचा वेगळा अर्ज करावा लागत नाही.

ज्या कौन्सिलची वर्षाची उलाढाल २५,००० पाउंडांच्या आत आहे, तिला बाहेरच्या परीक्षणातून सूट घेता येते. हिशोब लोकांना दाखवण्यातून मात्र सूट नाही.

वर्षभराची कामं: गवत, बाकडी आणि लाल टेलिफोन बूथ

पॅरिश कौन्सिलच्या हातात मोठी कामं नाहीत. मोठे रस्ते, शाळा, घरोघरचा कचरा, पाणी यातलं काहीही तिच्याकडे नाही. ते वरच्या डिस्ट्रिक्ट किंवा काउंटी कौन्सिलकडे, किंवा पाणी कंपनीकडे. पॅरिशकडे येतं ते दाराबाहेर पडल्यावर दिसणारं सगळं: मुलांचं मैदान, झोपाळे, बसथांब्याची शेड, पायवाटेवरचे दिवे, स्मशानभूमी, कम्युनिटी हॉल, कचरापेट्या, युद्धस्मारक.

एप्रिल ते ऑक्टोबर गवत कापायचा हंगाम. छोट्या कौन्सिलच्या बजेटचा मोठा हिस्सा यातच जातो. खेळणी दुरुस्त आहेत का ते पाहायचं, आणि वर्षातून एकदा बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायची पद्धत आहे, कारण झोपाळ्यावरून मूल पडलं तर प्रश्न कौन्सिलला विचारला जातो.

मग ‘अलॉटमेंट’. म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे. जुन्या मापाप्रमाणे एक पूर्ण तुकडा म्हणजे एकराचा सोळावा भाग, आपल्या हिशोबात बरोबर अडीच गुंठे. १९०८ च्या कायद्यानुसार ६ मतदारांनी लेखी मागणी केली तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो.

इंग्लंडचा तो प्रसिद्ध लाल टेलिफोन बूथही आता अनेक गावांत पॅरिश कौन्सिलच्या मालकीचा आहे. मोबाईल आल्यावर फोन बंद पडले, तेव्हा टेलिफोन कंपनीने अवघ्या १ पाउंडात बूथ गावांना द्यायची योजना आणली. आज कुठे त्यात छोटं वाचनालय आहे, तर कुठे हृदय बंद पडल्यावर शॉक द्यायचं यंत्र.

नोव्हेंबरमध्ये युद्धात गेलेल्यांची आठवण म्हणून ‘रिमेंब्रन्स संडे’ पाळला जातो. गावच्या स्मारकावर कौन्सिलतर्फे पुष्पचक्र वाहिलं जातं. गावातल्या पोरांची नावं दगडावर कोरलेली असतात, त्यामुळे या दिवशी कुणी राजकारण करत नाही.

खरी भांडणं कुठे होतात?

घरबांधणीवर. कुणी घराला मजला चढवतोय, कुणी शेतात ५० घरांची वसाहत आणतोय, असा अर्ज आला की तो पॅरिश कौन्सिलकडे मतासाठी येतो. साधारण २१ दिवसांत मत कळवायचं. पण परवानगी द्यायची की नाही, हे ठरवतं वरचं कौन्सिल. गावकऱ्यांना वाटतं पॅरिशने परवानगी दिली आणि शिव्या पॅरिशला पडतात. अधिकार नाही, पण रोष मात्र पदरात.

यावर २०११ च्या ‘लोकलिझम अॅक्ट’ने एक मार्ग दिला. गाव स्वतःचा ‘नेबरहूड प्लॅन’ करू शकतं. घरं कुठे व्हावीत, कुठली मोकळी जागा वाचवावी, इमारती कशा असाव्यात, हे त्यात लिहायचं. मग तज्ज्ञाकडून तपासणी आणि शेवटी गावात सार्वमत. बहुमत मिळालं की तो आराखडा कायदेशीर ठरतो आणि परवानगी देताना वरच्या कौन्सिलला तो विचारात घ्यावाच लागतो. जिथे बिल्डरकडून पायाभूत सुविधांचं शुल्क घेतलं जातं, तिथे असा आराखडा असलेल्या गावाला त्यातला २५ टक्के वाटा मिळतो. नसेल तर १५ टक्के, आणि त्यावरही मर्यादा.

डिसेंबर-जानेवारी: पैसा येतो कुठून?

आपल्या ग्रामपंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी मिळते, पण मोठा पैसा येतो वित्त आयोगाकडून आणि सरकारी योजनांतून. पॅरिश कौन्सिलचं उलटं आहे. तिला केंद्राकडून नियमित अनुदान मिळत नाही. तिचा मुख्य आधार म्हणजे ‘प्रिसेप्ट’.

ते असं चालतं. पुढच्या वर्षी किती खर्च होणार, याचा अंदाज कौन्सिल हिवाळ्यात काढते. हॉलचं भाडं किंवा अलॉटमेंटमधून मिळणारं उत्पन्न त्यातून वजा करते. उरलेली रक्कम वरच्या कौन्सिलला कळवते. कायद्याने हे १ मार्चच्या आधी व्हायला हवं, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी जानेवारीतच होतं. वरचं कौन्सिल घरोघरच्या ‘कौन्सिल टॅक्स’च्या बिलात ही रक्कम जोडून वसूल करतं आणि पॅरिशला देतं.

समजा एका गावाला ४०,००० पाउंड हवेत आणि गावातली घरं मधल्या, म्हणजे ‘बँड डी’च्या हिशोबात ८०० घरांइतकी भरतात. भागाकार केला की बँड डीच्या घराला वर्षाला ५० पाउंड. मोठ्या घराला जास्त, छोट्याला कमी. ही घरांची वर्गवारी आजही एप्रिल १९९१ च्या किमतींवरच चालते, हा आणखी एक वादाचा विषय.

लक्षात घेण्यासारखं म्हणजे मोठ्या कौन्सिलने कर ठरावीक मर्यादेपेक्षा वाढवला तर लोकांचं सार्वमत घ्यावं लागतं. पॅरिश कौन्सिलला आजवर ही मर्यादा लावलेली नाही. म्हणजे जानेवारीच्या थंडीत, गावच्या हॉलमध्ये, सात-आठ माणसं हात वर करतात आणि तुमचा कर वाढतो. समोरच्या खुर्च्या बहुतेक वेळा रिकाम्या असतात.

एक चांगली तरतूद मात्र आहे. ज्या सदस्याचा स्वतःचा कौन्सिल टॅक्स दोन महिने थकला असेल, त्याला या मतदानात भाग घेता येत नाही आणि हे त्याने बैठकीत जाहीर करावं लागतं. आपल्याकडेही कर थकवणारा ग्रामपंचायत सदस्य अपात्र ठरू शकतो, त्यामुळे यात नवल वाटायला नको.

रिकाम्या खुर्च्यांचा प्रश्न

आपल्याकडे ग्रामपंचायत निवडणूक म्हटलं की गाव ढवळून निघतं. तिथे अनेक पॅरिशमध्ये जागा जास्त आणि उमेदवार कमी अशी अवस्था असते. मग निवडणूकच होत नाही. अर्ज भरला तो निवडून आला.

मध्येच जागा रिकामी झाली तर नोटीस लागते. १४ कामकाजाच्या दिवसांत १० मतदारांनी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाही तर कौन्सिलच कुणाला तरी सदस्य करून घेते. अशा जागेला कायद्याच्या भाषेत ‘कॅज्युअल व्हेकन्सी’ म्हणतात. हॅरी पॉटरवाल्या जे. के. रोलिंगने २०१२ मध्ये मोठ्यांसाठी जी कादंबरी लिहिली, तिचं नाव हेच आहे आणि गोष्टही पॅरिश कौन्सिलच्या एका रिकाम्या जागेवरून सुरू होते.

ही रिकामी जागा साधी बाब नाही. ‘एखादी व्यक्ती कायद्याने करू शकेल ते काहीही करायचा’ व्यापक अधिकार २०११ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिललाही दिला. पण अट अशी की किमान दोन तृतीयांश सदस्य निवडणुकीतून आलेले हवेत आणि क्लर्क पात्रताधारक हवा. जागा भरायला कुणी पुढे आलं नाही तर गावाचे अधिकारच कमी होतात.

आणि नेमकं आता हे जास्त महत्त्वाचं होतंय. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन थरांची कौन्सिल आहेत, तिथे दोन्ही मिळून एकच मोठं कौन्सिल करायचं, असं धोरण ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये मांडलं. वरचं कार्यालय गावापासून आणखी लांब गेलं, की गावाजवळ उरतं ते पॅरिश कौन्सिलच.

आणि जॅकी वीव्हर यांचं पुढे काय झालं?

त्या हँडफोर्थच्या कौन्सिलच्या कर्मचारी नव्हत्या. परिसरातल्या स्थानिक कौन्सिलच्या संघटनेच्या त्या मुख्य अधिकारी, मदतीला आल्या होत्या. पुढे चौकशी झाली. अहवालाने सांगितलं की सदस्यांना मीटिंगमधून बाहेर काढायचा औपचारिक अधिकार त्यांना खरंच नव्हता. पण तिथली परिस्थिती आणि काही जणांचं वागणं बघता त्यांनी तसं का केलं, हे समजण्यासारखं होतं. म्हणजे मीम्समध्ये त्या जिंकल्या, पण नियमाच्या पुस्तकात अध्यक्षांचं वाक्य चूक नव्हतं.

आणि झूमवर मीटिंग घ्यायची सवलत कोविडपुरतीच होती. ७ मे २०२१ पासून ती संपली आणि मंडळी पुन्हा हॉलमधल्या खुर्च्यांवर येऊन बसली.

आपला काय संबंध?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांचा तर थेट संबंध आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथे वैध व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव नोंदवू शकतो आणि मत देऊ शकतो, ब्रिटिश पासपोर्ट नसला तरी. उभं राहायची अट जास्त कडक आहे, त्यासाठी साधारणपणे कायमस्वरूपी राहण्याची परवानगी लागते. तुमचा भाऊ, मुलगी, मित्र तिथे एखाद्या गावात राहत असेल तर विचारून बघा, त्यांच्या कौन्सिल टॅक्सच्या बिलावर पॅरिशची वेगळी ओळ आहे का. असेल, तर ते पैसे कुठे खर्च झाले हे जुलैत जाऊन बघायचा हक्क त्यांना आहे.

आणि इथे गावात असाल तर? त्यांची सभा वर्षातून एकदा, आपल्या ग्रामसभा चार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आपल्याला पाठ असतात, पण झेंडावंदन झालं की जिलेबी घेऊन आपण घरी येतो. गवत कापणाऱ्या एका कौन्सिलचं भांडण आपण पोट धरून हसत पाहिलं. आपल्या गावचा पैसा कुठे खर्च होणार, हे ठरणारी बैठक मात्र समोर कुणी नसतानाच होते, तिथेही आणि इथेही. पुढची ग्रामसभा कधी आहे, तेवढं बोर्डावर बघून ठेवा.